या भिंतीला पाणी घालू नये

अंधेरी पूर्वेच्या एका कार्यालयाने पर्यावरणस्नेही व्हायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात धडधाकट सागवानी टेबलं टेम्पोत घालून भंगारात पाठवली.

मग भिंत आली.

स्वागतकक्षात, हिरवीगार, वर पितळी अक्षरांत ‘निसर्गाशी नातं’. सगळे तिला शेवाळाची भिंत म्हणतात. प्रत्यक्षात ते शेवाळ नव्हेच. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोतातलं, रेनडिअरचं हिवाळ्यातलं खाणं ते. उत्तर युरोपात वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. तिथून ते खुडायचं, ग्लिसरीनमध्ये मुरवायचं, पोपटी रंगवायचं आणि मुंबईत आणून चिकटवायचं. तोवर ते अर्थातच मेलेलं असतं. विक्रेत्याच्या लेखी हाच त्याचा मोठा गुण: ‘देखभाल शून्य!’ देखभाल मढ्यालाही लागत नाही, पण ते कुणी रिसेप्शनमागे टांगत नाही.

या मृत पाहुणीचे नखरे मात्र जिवंत. ऊन लागलं की ती विटते, हवा फार दमट झाली की ग्लिसरीन सोडते आणि रंग ओघळतो. जुलैत मुंबईची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते. म्हणून खिडक्या सीलबंद आणि एसी चोवीस तास. रविवारीही, गणपतीच्या सुट्टीतही. एसी एक अंशाने चढा ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२० पासून खोलीचे नवे स्टारवाले एसी २४ अंशांवर सुरू होतात. इथे पारा २० वर आणि ‘ऊर्जाबचत समिती’ शाली पांघरून बैठकीला. अहो, खिडकी उघडा ना! वाऱ्याचं बिल येत नाही, पंख्याला चार पैशांची वीज पुरते, हे आजीलाही ठाऊक होतं; पण उघड्या खिडकीचा फोटो वार्षिक अहवालात शोभत नाही. आणि शेवाळच हवं होतं, तर इमारतीमागे गळक्या पाइपाखाली दर पावसाळ्यात अस्सल, जिवंत, फुकट उगवतं. ते ब्लीचिंग पावडर टाकून खरवडायला एक माणूस पगारावर आहे.

परवा सफाईच्या मावशींनी मायेने भिंतीवर पाणी मारलं. पोपटी ओघळ थेट गालिच्यावर. मावशींना मेमो मिळाला, गालिचा कचऱ्यात गेला. नवा मागवलाय: मासेमारीच्या टाकाऊ जाळ्यांपासून बनवलेला. वर्सोव्याचा कोळीवाडा काही किलोमीटरांवर. जाळी मात्र युरोपातली, विमानाने येणार.