सूट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार शिकाऊ परवाना, म्हणजे पक्क्या परवान्याआधी सरावासाठी मिळणारी ६ महिन्यांची मुभा, बाळगणाऱ्याने दुचाकीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावावा आणि शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणासही मागे बसवू नये, अशी अट आहे. परंतु पाटीने नव्या गाडीची शोभा जाते व मागची सीट आधीच मैत्रिणीच्या नावे असते, ही कारणे इतकी सबळ आहेत की अशा स्थितीतही सूट मागण्याचे कष्ट घेणाऱ्या उमेदवाराचा विनय वाखाणण्याजोगाच म्हणावा लागतो. सोळाव्या वर्षी गिअर नसलेली, ५० सीसीपर्यंतच्या, म्हणजे तेवढे घन सेंटिमीटर घनफळाच्या मर्यादेतील, इंजिनाची दुचाकीच चालवता येते, हा तर उंच मुलांवर उघड अन्याय असून, यापुढे इंजिनाची मर्यादा अर्जदाराच्या उंचीवरून ठरवावी आणि बालवाडीच्या प्रवेशातच परवाना उरकून शिकण्याच्या अटीतूनही कायमची सूट द्यावी, हेच न्याय्य होय. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाने केलेल्या वाहनविषयक गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंतचा कारावास व २५,००० रुपये दंड पालकाच्या वाट्याला ठेवला आहे. त्यातून सूट मागण्याचे काम मात्र मुलगा वडिलांवर सोपवतो.