तरवा आणि टक्कल

लग्नात सप्तपदी चाललो तेव्हा आणखी एका सात पावलांच्या वाटेला आपण लागलो आहोत, हे मला ठाऊक नव्हतं. हॅमिल्टन नावाच्या संशोधकाने १९५१ साली पुरुषी टकलाच्या पायऱ्या आखल्या आणि १९७५ मध्ये नॉर्वुडने त्या सुधारून सातांवर आणून बसवल्या. लग्नाच्या अल्बममध्ये मी दुसऱ्या पायरीवर दिसतो. परवा क्लिनिकमधल्या मुलीने भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही पाचवे." जणू पाचवा नंबर आला होता.

पाचव्या पायरीवर कपाळाकडून एक टक्कल मागे सरकत असतं, टाळूवर दुसरं पसरत असतं आणि दोहोंमध्ये केसांची बारीक पट्टी तग धरून असते. कोकणातल्या माणसाला हे चित्र ओळखीचं: दोन खाचरं आणि मधला बांध. सहाव्या पायरीवर बांध फुटतो.

केसरोपणाच्या तीन पद्धतींची रंगीत पुस्तिका घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "अहो, कुठलीही करा, पण ठरवा. मिक्सर घ्यायला चार महिने लावले होतेत." मी पुस्तिका पिशवीत घातली आणि संगमेश्वराकडे मामाच्या गावी गेलो. लावणीचे दिवस होते. मामा तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत, वाकून रोपं उपटत होता.

"काय वाचतोस रे?"

सांगितलं. "पहिली एफयूटी. डोक्याच्या मागच्या बाजूची कातडीची पट्टीच काढतात, टाके घालतात आणि पट्टीतली मुळं भिंगाखाली सुटी करतात. मागे आडवा व्रण राहतो, केस वाढवले की झाकला जातो."

"म्हणजे ढेकळासकट उचलायचं आणि बांधावर बसून सोडवायचं."

"दुसरी एफयूई. मिलिमीटरभर तोंडाच्या नळीने एकेक मूळ काढतात. रेघ राहत नाही, बारीक ठिपके राहतात. पण मागचं डोकं भादरावं लागतं आणि वेळ लागतो."

"एकेक रोप उपटायचं. मजुरी जास्त असेल."

होती.

"तिसरी डीएचआय. पेनासारख्या यंत्रात मूळ भरून थेट टोचतात."

"आणि ते मूळ काढतात कसं?"

"दुसरीसारखंच."

"मग निराळी कसली? काढणी तीच. लावणीच्या जागी टोकण."

पुस्तिकेने याच गोष्टीला चार गुळगुळीत पानं दिली होती.

मामाची खरी शंका पुढेच होती. "पुढचे केस गेले, तिथेच मागचे लावलेस, तर तेही जातील की!" याचं उत्तर न्यूयॉर्कच्या डॉ. ऑरेंट्राइख यांनी १९५९ साली देऊन ठेवलंय. केसाचा स्वभाव त्याच्या मुळात असतो, जागेत नव्हे. मागच्या केसांना डीएचटी या संप्रेरकाची फारशी बाधा होत नाही, म्हणून ते कपाळावर नेले तरी टिकतात. सासरी गेले तरी माहेरचं वळण सोडत नाहीत.

"आणि लावल्या लावल्या उभे राहतात?"

"नाही. काही आठवड्यांत बरेचसे गळतात. मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवे फुटायला लागतात, पुरतं पीक यायला वर्ष."

"भातही लावल्यावर पिवळं पडतंच." मामाने हातातली जुडी बांधली. "ते सगळं राहू दे. तरवा किती आहे तुझ्याकडे?"

हा प्रश्न पुस्तिकेत कुठेच नव्हता. हेक्टरभर भाताला दहा गुंठे तरवा लागतो, हे मामाला पाठ. माझ्या मागच्या डोक्यातून काढलेलं मूळ मात्र तिथे पुन्हा उगवत नाही. एका मुळात एक ते चार केस, आणि सुरक्षितपणे काढता येतील अशी मुळं प्रत्येकाकडे मोजकीच. पद्धत कुठलीही घ्या, तरवा तोच.

"आणि खाचर अजून वाढणार असेल तर?" असं म्हणत मामाने गांधीटोपी काढून घाम पुसला. मी जन्मात पहिल्यांदा त्याचं डोकं बघितलं. सातवी पायरी! कानांवरून मागे गेलेली नालेच्या आकाराची झालर, बाकी सगळा कातळ. टकलाशी निगडित असलेला एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला ते आईकडून मिळतं, हे मी त्याच पुस्तिकेत वाचलं होतं. माझ्या आईचा सख्खा भाऊ समोर उभा होता. वडिलांकडूनही बरंच येतं म्हणतात, पण माझ्या वडिलांचे केस शेवटपर्यंत दाट होते, त्यामुळे संशयित एकच उरला.

परत आल्यावर थेट डॉक्टरांनाच विचारलं, "तरवा किती?" ते आधी दचकले, मग भिंग लावून त्यांनी मागचं डोकं तपासलं. पुढचं खाचर विरळ लावता येईल, टाळू पडीक ठेवावी, आणि थोडी मुळं पुढच्या काळासाठी राखावीत, असं ठरलं. त्यानंतर पद्धत ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी केस बारीक ठेवतो, तेव्हा व्रणाची रेघ नको, म्हणून एफयूई.

तुम्हीही त्या वाटेला निघाला असाल, तर पुस्तिका उघडण्याआधी एकदा मामाची टोपी काढून बघा.