विषय सोडून बोला

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने कोणते विषय घ्यावेत, यावर महाराष्ट्रात दर मे-जूनमध्ये जेवढे मार्गदर्शन होते, त्यात कोणीही चुकूनसुद्धा एखाद्या विषयाबद्दल बोलत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. ही तक्रार नव्हे, कौतुक आहे. मार्गदर्शन मेळाव्यात स्कोप असतो, कटऑफ असतो, पॅकेज असते, ‘ग्रुप’ कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा याचा तक्ता असतो, इंटिग्रेटेड आणि टाय-अपवाल्या कॉलेजांची फी हप्त्यांसकट असते. अशा वेळी एखाद्या कार्ट्याने उठून ‘पण रसायनशास्त्रात शिकवतात काय?’ असे विचारले, तर सभागृहात आधी शांतता पसरेल आणि मग त्याच्या आईवडिलांकडे सहानुभूतीने पाहिले जाईल. विषयाचे नाव न काढता विषय निवडण्याची ही कला आपण दोन-तीन पिढ्या खपून साधली आहे. तिला नावे ठेवणाऱ्यांची गर्दी फार झाल्याने कोणीतरी तिची बाजू मांडणे भाग आहे.

या कलेचा श्रीगणेशा आठवीत होतो. पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत की दोन्ही अर्धे-अर्धे, हा मराठी मुलाच्या आयुष्यातला पहिला शैक्षणिक निर्णय. तो घरात कसा होतो? कालिदासाचे नाव निघत नाही. ‘संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात, हिंदीत निबंधात कापतात,’ एवढ्या एका वाक्यात देववाणीचा प्रवेश पक्का होतो. तीन वर्षे शब्दरूपे आणि धातुरूपे घोटून मुलगा शंभरात अठ्ठ्याण्णव आणतो आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी वह्या रद्दीत जातात. दहावीला बाकी निवडायला फारसे काही नसते, म्हणून निवडीची ती हौस ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने भागवली. इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडू नयेत म्हणून राज्याने ही सोय काढली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती तगली. सहा विषय शिका, त्यातला जो अंगावर आला तो टक्केवारीतून वगळा. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत आपण भांडलो ते विषय घेण्यासाठी नव्हे, एक विषय सोडता यावा यासाठी, ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. (इतिहास हाच बहुधा वगळलेला विषय असल्यामुळे ती कोणी नोंदवली नाही.)

आता या टक्क्यांत काय मोजले जाते ते पाहू. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस-वीस गुण काढून घेतले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घसरून अठराने वाढली असेल, तर शास्त्रज्ञांनी आपले पाणी तपासायला हवे. तसे काही झाले नसेल, तर मुले तीच होती आणि माप बदलले होते, असे म्हणावे लागेल. २०२५ मध्ये २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली ११३ लातूर विभागातली. कला-क्रीडेचे वाढीव गुण आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ धरून हे शंभर होतात, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही त्या शंभरातल्या मुलाने कला शाखेचे नाव काढले, तर ‘एवढे मार्क वाया घालवणार का?’ हा प्रश्न घरातून, वाड्यातून, सोसायटीतून आणि शाळेतूनही येतो. मार्क हे खर्च करायचे असतात आणि स्वस्त शाखेत खर्च केले तर उरलेले परत मिळत नाहीत, हा हिशेब त्यामागे असतो.

अकरावीत या हिशेबाला खरा रंग चढतो. इंग्रजी सक्तीची, पण दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आपले ‘आयटी’, घेता येते. आयटीची परीक्षा संगणकावर होते, प्रश्न बहुतांशी वस्तुनिष्ठ, माउसने टिचकी मारायची. मराठीला मात्र रसग्रहण करावे लागते. अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्या घरांत पुढच्या जूनमध्ये आयटीचाच अर्ज भरला गेला आणि त्यात काही विसंगती आहे असे आम्हांला वाटत नाही. अभिमान बाळगायला मार्क लागत नाहीत. द्विलक्षी विषयांचेही तेच. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या बदल्यात दोनशे मार्कांचा एक विषय घ्यायचा, अशी ही योजना. मुलाच्या हाताला काही काम यावे, हा तिचा मूळ हेतू. त्यात मत्स्यपालन आहे, दुग्धव्यवसाय आहे, विद्युत उपकरणांची देखभाल आहे, स्कूटर आणि मोटारसायकलची दुरुस्तीसुद्धा आहे. मागणी कशाला, तर संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि ‘क्रॉप सायन्स’ला. पीकशास्त्र घेणाऱ्या सगळ्यांनाच शेतकरी व्हायचे असते असे नाही. अनेकांना डॉक्टर व्हायचे असते आणि ‘क्रॉप’ला मार्क चांगले पिकतात.

यावर ‘पालकच मूर्ख आहेत’ असे म्हणणारी एक सुशिक्षित जमात आहे. तिचा आम्ही निषेध करतो. पालक मूर्ख नाहीत, हिशेबी आहेत, आणि त्यांच्यापुढे जे हिशेब मांडले जातात त्यांत त्यांची बेरीज चुकत नाही. विज्ञानातून वाणिज्यात जाता येते, कलेत जाता येते, कायद्याला जाता येते, स्पर्धा परीक्षा देता येतात. उलट दिशेने मात्र येता येत नाही. म्हणून ‘सायन्स घे, सगळी दारे उघडी राहतात’ हा सल्ला तर्काला धरूनच आहे. गणितही ठेव आणि जीवशास्त्रही ठेव, हा त्याचा पुढचा टप्पा. अडचण एवढीच की सगळी दारे उघडी धरून ठेवायची तर माणसाला कुठल्याच खोलीत जाता येत नाही. दोन वर्षे तो पॅसेजमध्ये उभा राहतो, एक हात इंजिनिअरिंगच्या कडीला आणि दुसरा मेडिकलच्या. २०२५ च्या ‘नीट’ला देशभरातून २२ लाखांवर मुले बसली, एमबीबीएसच्या जागा १ लाख २० हजारांच्या आसपास. उरलेल्या वीस लाखांनी जीवशास्त्र आवडीने घेतले होते, असे समजायला आमची मुळीच हरकत नाही.

‘पण मुलाचा कल?’ असा पहिला आक्षेप येतो. सरकारनेही तो गांभीर्याने घेतला होता. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी झाली. शेतीपासून ललित कलांपर्यंत आणि आरोग्यापासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रे ठरवली आणि प्रत्येक मुलाच्या कलाचा अहवाल तयार केला. हा अहवाल अकरावीच्या प्रवेशासाठी कुठेही मागितला गेला नाही. जातीचा दाखला लागतो, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, गुणपत्रिका लागते. कलाचा कागद कोणत्याच खिडकीवर कोणी विचारला नाही. यात आम्हांला शासनाची परिपक्वता दिसते. एखाद्याचा कल ललित कलांकडे आहे हे कळणे निराळे आणि त्याबद्दल काही करावे लागणे निराळे. शिवाय ज्या मुलाने कधी चित्रशाळा पाहिली नाही, शेतात पाय ठेवला नाही, कोर्टात कामकाज कसे चालते ते ऐकले नाही, त्याचा कल संगणकाने ओळखायचा कशावरून? त्याला आतापर्यंत विषयाबद्दल दोनच गोष्टी कळल्या आहेत: त्यात किती पडतात आणि त्यात किती कापतात. कल म्हणून तो त्याच सांगणार.

दुसरा आक्षेप नव्या धोरणाचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातल्या भिंती पाडल्या, आता भौतिकशास्त्राबरोबर संगीत घेता येईल, असे सांगितले जाते. धोरणात तसे आहे खरे. पण कनिष्ठ महाविद्यालयाचे वेळापत्रक हे धोरण वाचून बनत नाही. ते किती शिक्षक अनुदानित आणि किती वर्ग रिकामे यावरून बनते. त्यातून एखादी भिंत खरोखरच कोणी हलवायला घेतली की हाहाकार होतो. अभियांत्रिकीच्या काही अभ्यासक्रमांना बारावीचे गणित सक्तीचे नको, असे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०२१ मध्ये म्हटले तेव्हा देश बुडाल्यासारखी ओरड झाली. गणित किंवा विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण पडलेल्यालाही शेरा मारून अकरावीला जाऊ द्यावे, त्याने फक्त ते विषय पुढे घेऊ नयेत, असा प्रस्ताव २०२४ मध्ये राज्याच्या आराखड्यातून आला, तेव्हा गुणवत्तेच्या चिंतेने अनेकांना झोप लागली नाही. ज्याला गणित नको आहे तो गणितातून सुटतो याचे एवढे दुःख का व्हावे? आपल्याला नको असताना आपण शिकलो, मग हा कसा सुटतो, हेच त्यामागचे शैक्षणिक तत्त्व असावे.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांला खोडता येत नाही, आणि तो आमच्याच बाजूचा आहे. मार्कांवर प्रवेश दिला तर वशिला चालत नाही. आमदाराची चिठ्ठी आणि शेतमजुराच्या मुलीचे शहाण्णव टक्के यांत शहाण्णव टक्के जिंकतात. ऑनलाइन प्रवेशाने ही गोष्ट आणखी पक्की केली आणि २०२५ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. (पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसले, ती गोष्ट वेगळी.) हे मोठे काम आहे, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण मार्क हे मुलामुलांत जितके निःपक्षपाती, तितकेच विषयाविषयांत आंधळे. संस्कृतातले अठ्ठ्याण्णव आणि गणितातले अठ्ठ्याण्णव यादीत एकाच किमतीला जातात. मग सर्वांत कमी कष्टात अठ्ठ्याण्णव देणारा विषय शोधणे हेच शहाणपण ठरते. गंमत अशी की त्या वर्षी अकरावीला राज्यात वीस लाखांवर जागा होत्या आणि दहावी पास झालेली मुले साडेचौदा लाख. म्हणजे बसायला जागा सगळ्यांना होती. तुटवडा होता तो ‘अमुक कॉलेजला नंबर लागला’ असे सांगता येण्याचा.

तो नंबर लागला की मुलगा कॉलेजात जातो, अशी कोणाची समजूत असेल तर ती भाबडी आहे. तो क्लासला जातो. कॉलेजचे नाव गुणपत्रिकेवर असते, मुलगा टाय-अपच्या इमारतीत असतो आणि प्रयोगवहीवर दोघांच्या सह्या असतात. २०१८ मध्ये सरकारने विज्ञानाच्या मुलांना बायोमेट्रिक हजेरी लावली, ती मुले कॉलेजात असावीत म्हणून. बोट यंत्रावर टेकवल्याने रसायनशास्त्रात मन लागते असे दिसून आलेले नाही. आणि सीईटीच्या गुणवत्ता यादीत बारावीचे मार्क मोजलेच जात नाहीत, पात्रतेपुरते लागतात. म्हणजे ज्या मार्कांसाठी मराठी सोडली, ते मार्कही शेवटी यादीत नाहीत.

एवढे सगळे सुरळीत असताना सुधारणा सुचवणे म्हणजे आगाऊपणाच. तरी एक छोटी सूचना करतो. प्रवेश अर्जात आरक्षण, माध्यम, शाखा आणि दहा कॉलेजांचे पसंतीक्रम विचारतात, त्याखाली एक ओळ वाढवावी: ‘हे विषय तुम्ही का घेत आहात?’ उत्तर मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचे. निर्णय जाहीर झाल्याच्या आठवड्याभरात बाजारात त्याचा अपेक्षित प्रश्नसंच येईल, विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखेसाठी वेगवेगळा, प्रत्येकी पाच ओळींच्या आदर्श उत्तरासह. कलेची प्रत कमी छापतील.