मोडक्या पायाची जमाबंदी

मांजरा नदीच्या वाळूने लदलेल्या वाहनाखाली बिलोलीच्या रस्त्यावर ज्याचा पाय सापडतो, त्या इसमास स्वदेहाचे मूल्य प्रथमच कळते. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातील कोष्टकाप्रमाणे छत्तीस ते चाळीस वयाला भरपाईसाठी वार्षिक उत्पन्नाचा गुणक 15, पंचेचाळिशीपर्यंत 14, आणि पासष्टी उलटली की केवळ 5. मग शल्यचिकित्सकाने अपंगत्वाचे शेकडा प्रमाण लिहावे, विमा कंपनीच्या वकिलाने ते अमान्य करावे, आणि जन्मात पगाराची पावती न पाहिलेल्या सालगड्याने न्यायाधिकरणापुढे उत्पन्नाचा लेखी पुरावा दाखल करावा, असा शिरस्ता आहे. (वेदनेचीही स्वतंत्र रक्कम असते, ही कायद्याची रसिकता!) हाड जुळो वा न जुळो, 1 एप्रिल 2022 पासून भरपाईच्या अर्जाची कायद्यातील मुदत अपघातापासून सहाच महिन्यांची आहे, तेव्हा वाचकहो, फिर्यादीची नक्कल आधी हस्तगत करा.