कमरेचा हिशेब

सरकारला सध्या गोंदिया जिल्ह्यातल्या कमरांची काळजी लागली आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा, शुगर-बीपीची जोखीम मोजणारा 'सीबॅक' फॉर्म भरायचा, म्हणून आशाताई टेप घेऊन थेट बांधावर. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० च्या वर गेली की दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की तुम्ही जोखमीत. शाळेत कधी चार गुण न मिळालेल्यांचीही इथे सोय आहे.

मग प्रश्न येतो : आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? सकाळपासून चिखलात वाकून रोवणी करणारी बाई मान वर करते. "काजी ताई, वाकल्याचे मिनिटं धरता का उभं राहिल्याचे?"

बोटाला सुई टोचली की शुगर निघते. पोर्टलवर नोंद होते, टक्केवारी चढते, वर साहेब खूश. सल्ला मिळतो : भात कमी करा. धानाच्या जिल्ह्यात! एक खातं माणशी पाच किलो धान्य फुकट देतं, पोत्यातून निघतो बहुतेक तांदूळच. दुसरं खातं सांगतं, तो खाऊ नका. दोन्ही खाती एकाच सरकारची, म्हणून बाई दोघांचाही मान राखते. भात खाते आणि ताईंना भाकर सांगते.

गोळ्या मात्र आठ-दहा दिवसांच्या. त्या सरल्या की पुन्हा जीपभाडं, पुन्हा रांग, पुन्हा बुडालेली मजुरी. रोवणीच्या दिवसांत कोण जाणार? आरोग्य केंद्राचं नाव २०२३ मध्ये 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. नवस फेडायला तरी माणूस वर्षातून एकदाच जातो.

यावरचा इलाज शोधायला जिनिव्हाला जायला नको. १९९९ मध्ये ज्या भंडाऱ्यातून आपण वेगळे झालो, तोच उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात राज्यातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत होता. एका खेपेला महिनाभराच्या गोळ्या, जो आला नाही त्याला निरोप, आणि मोजायचं ते किती तपासले हे नव्हे, तर किती जणांचं बीपी आटोक्यात आलं हे. शुगरला यातलं काय वर्ज्य आहे, ते कोणी सांगत नाही.

तोवर आपली बाई गोळ्यांविना रोवणी उरकेल, कापणीही. पुढच्या वर्षी टेप पुन्हा येईल, तीच शुगर नव्याने निघेल आणि जिल्ह्याच्या कामगिरीत आणखी एक रुग्ण 'शोधला' जाईल.