पाच मिनिटांची भाजी
स्टर फ्राय पाच मिनिटांत होतं असं सांगणारा गृहस्थ परतणारा असतो. चिरणारी वेगळी असते. गाजराच्या काड्या, सिमला मिरचीचे लांबट काप, सोललेला लसूण हे सगळं बहुधा ताटात आपोआप उगवतं. मग साहेब कढईत अर्धा किलो भाज्या एकदम ओततात. चीनमधल्या कँटनच्या खानावळीतली भट्टी घरच्या शेगडीच्या कितीतरी पट आच देते. इथे तेवढी आच नसल्याने भाज्यांना पाणी सुटतं आणि परतण्याचं उकडणं होतं. आच वाढवावी, तर कढई नॉनस्टिक. तिचा लेप २६० अंशांपुढे बिघडू लागतो. थोडं थोडं परता म्हटलं, तर 'एवढा वेळ कुणाला आहे?' शेवटी सोया सॉस सढळ हाताने पडतो, काळ्या रंगाखाली पाणचटपणा झाकायला. वरून मीठही, सॉसमध्ये ते आधीच भरपूर असतं, पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचतो कोण!