धरण उशाला, आरओ ओट्याला

पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र घ्यायला गेलेला माणूस रंग विचारतो, हप्ता विचारतो, थंड-गरम अशा दोन तोट्या आहेत का ते विचारतो. घरात येणारं पाणी कुठलं आहे आणि त्यात काय आहे, हे दुकानात कुणी विचारत नाही. दुकानदार तर नाहीच नाही, कारण उत्तर मिळालं तर कदाचित विक्री बुडेल.

सिद्धेश्वरसारख्या गावात हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव पूर्णा नदीवरच्या धरणाने ओळखलं जातं. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा आधी येलदरीला अडते आणि तिथून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वरला साठतं. १९६८ पर्यंत हा प्रकल्प उभा राहिला. वसमतकडची शेतं याच पाण्यावर भिजतात, हिंगोली शहराचे नळ याच पाण्यावर चालतात. आणि या पाण्याच्या काठावरच्या माणसालाही आता पंधरा-वीस हजारांचं यंत्र ओट्यावर ठेवल्याशिवाय तहान भागवायची धास्ती वाटावी, अशी हवा तयार झाली आहे. ती हवा कशी तयार होते, ते आधी सांगतो.

विक्रेता दारात येतो. दोन पेले मागतो. एकात घरचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडतो आणि बटण दाबतो. मिनिटभरात घरचं पाणी तपकिरी, गढूळ होतं, वर घाण तरंगते. आरओचं पाणी मात्र स्वच्छ. “काकू, हे पिता तुम्ही? हे पाजता लेकरांना?” काकूंच्या पोटात गोळा येतो आणि यंत्र विकलं जातं.

ती घाण पाण्यातली नव्हतीच. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि गंजही सुटत नाही. पुढच्या वेळी विक्रेता आला की त्याच्याच आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, दादा, आता दाबा बटण. तेही तपकिरी होईल. आईच्या काळजीवर धंदा करणारी ही चलाखी आहे आणि तिला चलाखीच म्हटलं पाहिजे.

दुसरं हत्यार म्हणजे खिशातलं टीडीएस मीटर. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं आणि आकड्याला माणूस घाबरतो. हे मीटर मोजतं ते पाण्यातून वीज किती वाहते ते, आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतं. कॉलऱ्याचे जंतू त्याला दिसत नाहीत. कीटकनाशक दिसत नाही. क्षारांतही चांगलं कॅल्शियम किती आणि घातक नायट्रेट किती, ते त्याला वेगळं सांगता येत नाही. शंभर आकडा दाखवणारं पाणी हगवण लावू शकतं आणि सहाशे दाखवणारं पाणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुखाने पीत आलेली असू शकतात.

भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००. त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे एकूण क्षार स्वीकारार्ह आहेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलेले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने तर मे २०१९ मध्ये सांगितलं, की क्षार ५०० च्या आत असतील तिथे आरओवर बंदीच घाला. कारण घरगुती आरओ साधारण एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर मोरीत सोडतं. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ही नासाडी बघून पोटात कालवायला हवं.

आरओ मात्र वाईट नाही. त्याचा जन्म ज्या कामासाठी झाला त्या कामात ते फार मोलाचं आहे. सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात क्षार अडवणारा पडदा तयार केला आणि त्याच्यामुळे हे तंत्र व्यवहारात आलं. त्यांच्या डोळ्यांपुढे समुद्राचं पाणी होतं. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात त्या पडद्यावर पहिलं केंद्र चाललं. त्या गावाचं भूजल इतकं खारं होतं, की एकेकाळी तिथेही पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं. खाऱ्या पाण्याच्या गावाने खाऱ्या पाण्यासाठीचं यंत्र लावलं. हिशेब सरळ होता.

आपल्याकडचा हिशेबही तसाच सरळ करता येतो. धरणातल्या पाण्यात क्षार सहसा कमीच असतात. त्याचं दुखणं वेगळं: पावसाळ्यात गढूळपणा आणि वर्षभर जंतूंची भीती. त्यावरचे उपाय म्हणजे तुरटी, गाळण, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि घरात उकळणं. ज्याला यंत्रच हवं त्याने गाळणी आणि अतिनील दिव्याचं साधं यंत्र घ्यावं; ते पाणीही वाया घालवत नाही. नळाला धरणाचं पाणी येणाऱ्या घरात आरओ बसवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा पाय प्लास्टरमध्ये घालणं.

बोअरचं पाणी ही निराळी गोष्ट. आपला काळा पाषाण पाण्याला कॅल्शियम-मॅग्नेशियम देतो. साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो, तुरीची डाळ तासभर शिजली तरी कचकचते. स्वयंपाक करणाऱ्या बाईची ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, तिला कुणी उडवून लावू नये. पण जड पाण्याने मुतखडा होतोच, हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं त्याला तसा भक्कम आधार नाही. मुतखड्याचं मोठं कारण आहे पुरेसं पाणी न पिणं, आणि वैशाखात शेतात राबणाऱ्या माणसाला तेच आधी सांगायला हवं.

बोअरच्या पाण्यात भ्यायचं ते नायट्रेटला आणि फ्लोराइडला. खत आणि शेणाच्या खड्ड्यांतून नायट्रेट झिरपतं. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात कुठलीही सूट नाही. तान्ह्या बाळाला वरचं दूध कालवून देताना असं पाणी वापरलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. फ्लोराइडची कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम. शेजारच्या यवतमाळात पांढरकवडा-झरीकडे आणि नांदेडच्या किनवट भागात या फ्लोराइडने माणसांचे दात आणि हाडं बिघडवली आहेत. ही दोन्ही विषं दिसत नाहीत, चवीला लागत नाहीत, उकळून जात नाहीत. उलट पाणी आटतं तशी आणखी दाट होतात. तपासणीच्या कागदावर यांचे आकडे चढे असतील आणि दुसरा स्रोत नसेल, तर आरओ घ्या, उसनवारी करूनही घ्या.

आणि घ्यायचंच तर ओट्यावरचं की भिंतीवरचं? ओट्यावरच्या यंत्राला नळजोड लागत नाही, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. आठ-पंधरा दिवसांनी नळ येणाऱ्या, टाकीत-रांजणात पाणी साठवणाऱ्या घराला किंवा औंढ्यात-हिंगोलीत भाड्याने राहणाऱ्या मास्तरांना, नर्सबाईंना ते सोयीचं आहे. मागची टाकी भरायची, पंप ते पाणी पडद्यावर दाबतो, शुद्ध पाणी पुढे येतं आणि उरलेलं बऱ्याच यंत्रांत त्याच टाकीत परत जातं. त्यामुळे नासाडी कमी होते, पण टाकीतलं पाणी दर फेरीला अधिक खारं होत जातं. तो खालचा उरलेला भाग ओतून द्यायचा असतो. त्यावरच नवं पाणी भरत राहिलात तर पडदा लवकर मरतो.

टाकी असते पाच-सहा लिटरची. दोघांच्या संसाराला पुरते. आजी-आजोबा, दोन सुना, चार लेकरं आणि हळद शिजवायच्या दिवसांत वर चार गडी, अशा घरात ती दिवसभर भरत बसावी लागेल, आणि भरणारा हात कुणाचा असेल ते वेगळं सांगायला नको. अशा घराने हे यंत्र घेऊ नये.

घेताना आयएस १६२४० ही मानकाची खूण बघा. दुकानदाराला विचारा, टीडीएस कंट्रोलर आहे का? तो स्क्रू फिरवला की न गाळलेलं पाणी गाळलेल्यात मिसळतं आणि चव येते. पण नायट्रेटसाठी यंत्र घेतलं असेल तर त्याच वाटेने नायट्रेट परत पेल्यात येतं. पडदा बदलायला किती पैसे, माणूस गावापर्यंत येतो का, की यंत्रच हिंगोलीला न्यायचं? उत्तर लिहून घ्या. आणखी एक. यंत्रातला कोळसा क्लोरीन काढून टाकतो, कारण क्लोरीनने पडदा खराब होतो. म्हणजे बाहेर आलेल्या पाण्याला पुढे कुणाचं संरक्षण उरत नाही. ते पाणी चार दिवस भांड्यात ठेवलं, त्यात पेला धरलेली बोटं बुडाली, की वीस हजार मोरीत. चार दिवस पंढरपूरला जाऊन आलात तर आतलं शिळं पाणी आधी काढून टाका.

यंत्राऐवजी जारचं पाणी, हेही उत्तर नाही. लग्नाच्या मांडवापासून तहसीलच्या व्हरांड्यापर्यंत पोचलेले ते निळे जार थंड असतात, एवढंच हाताला कळतं. सीलबंद बाटलीवर २०२४ पर्यंत मानकाची खूण सक्तीची होती. या सुट्या जारवर बहुधा ती नसते. गार लागलं म्हणून ते शुद्ध ठरत नाही.

तपासणीचा कागद मिळवणं अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पाण्याचे नमुने तपासतात. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर नळाच्या पाण्याचं वचन आहे, आणि गावातल्याच महिलांना तपासणी संच देऊन शिकवण्याची तरतूदही. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दिलं जातं. नळाच्या शेवटच्या तोटीला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. पाण्यात ओटी या तपासणी द्रावणाचे थेंब टाकले की, क्लोरीन असेल तर, पिवळा रंग येतो, बस, एवढी सोपी ती परीक्षा.

घरोघरी यंत्रं आली की गावच्या टाकीत टीसीएल कधी टाकलं हे विचारणारी माणसं कमी होतात. विचारायचं थांबणारी घरं पैसेवाली असतात. ज्यांच्या शब्दाला ग्रामपंचायतीत वजन असतं तीच. मागे उरतं ते तांड्यावरचं, वस्तीवरचं, ऊसतोडीहून परतलेलं घर. त्याला यंत्र परवडत नाही आणि त्याच्या लेकराला हगवण लागली तर दवाखान्याचं भाडंही परवडत नाही. मला राग येतो तो इथे.

म्हणून सिद्धेश्वरच्या आणि आसपासच्या प्रत्येक गावच्या मंडळींना माझी मागणी आहे. येत्या ग्रामसभेत चार गोष्टी मोठ्याने वाचून दाखवायला लावा: आपलं कार्ड कुठल्या रंगाचं, शेवटचा नमुना कोणत्या तारखेचा, नायट्रेट-फ्लोराइड किती, आणि टीसीएलचा साठा किती दिवसांचा. कागद सापडत नाही म्हणाले तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याखाली बायकांच्या सह्या आधी घ्या.